टाच अधांतरी

३ जानेवारी

आज इतिहास घडला आणि माझ्याखेरीज तो कुणाच्या लक्षात आला नाही, म्हणून लिहून ठेवते.

'अधांतर' जन्माला आला. बूट आहे, पण टाचेखाली काहीच नाही. उंच टाच नाही, सपाट टाच नाही, टाचच नाही! पंजाखालून एक पांढरी पट्टी निघते, मागे वळते आणि हवेतच संपते. पायाची टाच वर तरंगत राहते. इतकी वर्षं मी बायकांसाठी ऑफिसचे, पार्टीचे, लग्नाचे असे खंडीभर बूट केले. लोक 'छान आहेत हं' म्हणायचे, घालायचे आणि विसरून जायचे. हा कुणी विसरून दाखवावा.

झालं असं, की नवं यंत्र आलं. काचेचा एक चौथरा आहे, त्यावर उभं राहायचं, उजेडाची रेघ पायाभोवती फिरते आणि हुबेहूब पाय पडद्यावर येतो. त्यावरून फर्मा काढायचा. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. बूट त्याच्यावरच चढवून घडवतात, त्यामुळे फर्मा जसा, तसा बूट. आमच्या धंद्यात नमुना सदतीस नंबरचा करतात आणि सदतीसचा पाय देवाने घरातच दिलाय, माझ्या धाकट्या बहिणीचा. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे आणि तिचा पाय माझ्या कामात. आम्ही एकच पाय मोजतो, डावा. उजवा त्यावरून उलटा करून काढायचा. वेळ वाचतो.

सकाळी जिन्यात तिची पायरी चुकली होती म्हणे, जरा लंगडत होती. मी विचारलं, "बरी उभी आहेस ना?" ती म्हणाली, "हो गं ताई, घे तू." घेतलं.

पडद्यावर जे आलं ते बघून मी खुर्चीतून उठलेच. टाच किंचित वर, सगळा पाय बाहेरच्या कडेवर कललेला, जणू पुढच्या क्षणाला निघणार कुठेतरी! इतक्या वर्षांत तिच्या पायात हे मला कधी दिसलं नव्हतं. कारखान्याचे मास्तर मान वाकडी करून बघत राहिले. म्हणाले, "बाई, पाय जरा तिरपा नाही वाटत?" मी म्हटलं, "मास्तर, तिरपा नाही, पुढचा आहे." मास्तरांनी लगेच मान डोलावली. मोठे समजूतदार आहेत.

९ जानेवारी

पहिला जोड तयार झाला. धाकटीच्या पायात असा बसला, की अंगठी काय बसेल बोटात! वर ती म्हणाली, "ताई, आठवडाभरात आज पहिल्यांदा टाच दुखत नाहीये." तुझ्या बुटांनी आराम पडतो असं कुणी म्हणायला इतकी वर्षं लागली.

बोलावलेल्या दोन मॉडेल मात्र भिंत धरून उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "मॅडम, हा कुणाच्या पायासाठी केलाय?" आता काय बोलायचं? हल्लीच्या मुलींना चालण्याची साधना नको.

मी स्वतः घालून पाहिला नाही. माझा पाय चाळीस नंबरचा, माझ्याच दुकानातला एकही नमुना मला होत नाही. मी आपली माझ्या काळ्या रबरी स्लिपर फटफटवत हिंडते. स्वयंपाक करणाऱ्याची भूक मरते, तसंच काहीसं असावं.

१६ जानेवारी

बायकांच्या फॅशनच्या मोठ्या मासिकाच्या संपादिकाबाई आल्या होत्या. उंच, कोरड्या, चहाला नको म्हणणाऱ्या. धाकटीला 'अधांतर' घालून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. ती चालली ती अशी: छोटी छोटी पावलं, अंग किंचित बाजूला, एक हात हवेत. मध्येच ओठ दाताखाली धरला.

संपादिकाबाईंनी चष्मा काढला. "ही चाल कुठून आणली तुम्ही?"

"भविष्यातून," मी म्हटलं. कुठून सुचलं कुणास ठाऊक! बाईंनी ते लिहून घेतलं.

त्या गेल्यावर धाकटी पोट धरून हसली आणि मग बूट काढून समोरच्या फिजिओथेरपिस्टकडे निघून गेली. रस्त्यापलीकडे, आमच्या अगदी खिडकीसमोर त्याचं क्लिनिक आहे. मी त्याला पायवाला म्हणते. नेहमी बिनइस्त्रीचा शर्ट, आणि दिवसभर लोकांचे पाय धरून बसायचं. आपण तरी दुसरं काय करतो म्हणा.

२१ जानेवारी

धाकटी अजून पायवाल्याकडे जाते. टाच दुखते म्हणे. आता तर आपण टाच वापरतच नाही, दुखेल कशी? पण जाताना केस विंचरून, कानात काहीतरी लटकवून जाते. दुखण्यातसुद्धा टापटीप राहणं ही माझीच शिकवण.

६ फेब्रुवारी

मासिक आलं! अख्खं पान! 'उद्याची स्त्री जमिनीला टाच टेकणार नाही' असा मथळा आणि धाकटीच्या पायांचा फोटो. चेहरा कापलाय, पण चेहऱ्याचं काय काम तिथे. सकाळपासून फोन वाजतोय. जी दुकानं माझे नमुने दारातून परत पाठवायची, त्यांना आज मी 'बघते, सांगते' म्हणाले. काय गोड शब्द आहेत हे!

धाकटीला मिठी मारली. ती म्हणाली, "ताई, मला जरा बोलायचं होतं." तेवढ्यात पुन्हा फोन आला.

२४ फेब्रुवारी

बाहेर पडले आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. बँकेच्या पायऱ्यांवर, बेकरीच्या दारात, सिग्नलला, जिकडे बघावं तिकडे 'अधांतर'. आणि नुसते बूट नाहीत, वरचा सगळा थाट बदललाय! आधी हातातल्या पर्स गेल्या, कारण तोल सांभाळायला दोन्ही हात मोकळे लागतात. मग कमरेला बांधायच्या पिशव्या आल्या. अरुंद स्कर्ट गेले, घेरदार आले, कारण पाय जरा फाकून टाकावे लागतात. आता तर बायका जोडीने हिंडायला लागल्यात. एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर, दुसरीचा हात कठड्यावर. त्यामुळे खांद्यात उशा भरलेले कोट निघालेत, म्हणजे मैत्रिणीचा हात रुतत नाही. मैत्रिणींचे एका कापडाचे जोडीचे पोशाख निघालेत. शिंप्यांची चंगळ आहे.

बायकांना एकमेकींचा आधार शिकवायला किती लोकांनी किती भाषणं ठोकली. मी एक बूट केला, काम झालं. हे मी सगळं शांतपणे बसथांब्यावर बसून बघितलं. शेजारी 'अधांतर' घातलेली एक तरुण मुलगी होती. बस आली, लोक चढले, ती बसूनच राहिली. मी विचारलं, "जायचं नाही का?" म्हणाली, "पुढच्या बसने जाईन, अजून उठायची तयारी होतेय." काय ठेहराव आलाय पोरींमध्ये!

१२ मार्च

आज खिडकीतून जे दिसलं ते जन्मभर विसरणार नाही. पायवाल्याच्या दारापासून थेट कोपऱ्यापर्यंत बायकांची रांग, आणि रांगेतल्या झाडून सगळ्यांच्या पायात 'अधांतर'! एकही परका बूट नाही. मी मास्तरांना हाक मारून दाखवलं. तेही भारावून गेले. म्हणाले, "बाई, डॉक्टरकडे जातानासुद्धा काढवत नाहीत त्यांना."

संध्याकाळी पायवाला स्वतः आला. माझे आभार मानले, अगदी मनापासून. क्लिनिक मोठं करतोय, शेजारचा गाळा घेतलाय. वर जरा चाचरत म्हणाला, "मॅडम, तुम्ही थोडी टाच का देत नाही त्याला? निदान घरच्यांसाठी तरी." मी हसून सोडून दिलं. धंद्यातलं प्रत्येकाला कळायलाच हवं असं नाही. धाकटी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि बऱ्याच वेळाने आली. म्हणाली, क्लिनिकमध्ये गर्दी फार आहे, सकाळचे दोन तास ती मदतीला जाणार. मी म्हटलं, जा. आपली गिऱ्हाइकंच आहेत ती, लक्ष राहील.

२८ मार्च

मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदीप्रमुख बाईंनी शो ठरवला. एप्रिलच्या वीस तारखेला. त्यांना आवडलं, तर 'अधांतर' शहराशहरांत जाईल. नाही आवडलं, तर बसा आपल्या गल्लीत. सगळ्यात पुढे धाकटी चालणार, हे मी तिथेच सांगून टाकलं. तो फर्मा तिचा, ती चाल तिची, दुसरं कोण चालणार?

रात्रीच्या जेवणाला सांगितलं. ती सूप ढवळत बसली. मग म्हणाली, "चालेन. तुझ्यासाठी चालेन, ताई. पण हे शेवटचं. मी लग्न करतेय."

"कुणाशी?"

"तुला खरंच माहीत नाही?" असं म्हणून ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने खिडकीकडे हनुवटी उडवली.

पायवाला! माझ्या नाकासमोर! रोज केस विंचरून, कानात लटकवून जायची ती! मी चमचा खाली ठेवला. "आणि राहणार कुठे?"

"समोर. क्लिनिकच्या वर."

समोर म्हणे. रस्त्याच्या पलीकडे! मला ते परदेशासारखं वाटलं. मी म्हटलं, "मग मला सदतीसचा पाय कुठून मिळणार?" हे तोंडातून गेलं आणि मला माझंच कसंतरी झालं. मला तसं म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं, मी एकटी कशी राहू गं? पण ते काही तोंडातून निघालं नाही, आणि तिने माझ्या ताटलीत आणखी एक पाव ठेवला.

२ एप्रिल

बोलत नाही आहोत. म्हणजे बोलतोय, पण 'मीठ दे' एवढंच.

१४ एप्रिल

आजचा दिवस वैऱ्यावर येऊ नये.

सरावाला धाकटीने बूट पायात घातला आणि गेला नाही. पुढे बोटं अडकली, मागे टाच खाली दबली, पट्टी वाकली. मी वाकून स्वतः चढवायला गेले. ती "आई गं!" म्हणून ओरडली.

मी म्हटलं, "पाय सुजलाय तुझा."

"सुजला नाहीये."

"मग पाय बिघडलाय. आधी चांगला होता तसा कर!"

तिने माझ्याकडे जे बघितलं, तसं तिने उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. मास्तर टेप गुंडाळत बाहेर सटकले. ती बूट हातात घेऊन स्टुलावर बसली. म्हणाली, "ताई, पाय बिघडला नाहीये, बरा झालाय. जिन्यात मुरगळला होता तो. त्या दिवशी तुझ्या काचेवर मी टाच टेकवूच शकत नव्हते, म्हणून अशी तिरपी उभी होते. तुला वाटलं, मी उडतेय."

मी म्हटलं, खोटं आहे हे. तिला हाताला धरून काचेवर उभी केली. यंत्र सुरू केलं. पडद्यावर पाय आला. सपाट, सरळ, टाच घट्ट खाली. असा पाय रस्त्यावरच्या कुठल्याही बाईचा असतो. शेजारी जानेवारीतला लावला. तिथे टाच वर, पाय बाहेरच्या कडेवर, आणि बोटं काचेला गच्च धरून. ती उडायची तयारी नव्हती. जीव मुठीत धरून उभी होती ती.

आणि मी तो एक दुखरा पाय उलटा करून त्याचे दोन केले, आणि अख्ख्या शहराच्या पायात घातले.

मला एकदम ती रांग आठवली. क्लिनिकपासून कोपऱ्यापर्यंतची. अगं बाई!

"तू तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"तू विचारलंस, बरी उभी आहेस ना. दुखतंय का, असं नाही विचारलंस." मग म्हणाली, "आणि तू किती खूश होतीस, ताई."

मास्तरांना आत बोलावून दोन्ही चित्रं दाखवली. ते म्हणाले, "मला वाटलं, तीच फॅशन असेल."

१५ एप्रिल

शो रद्द करावा का? पण कुणाला काय सांगू? की बायांनो, तुम्ही सगळ्या माझ्या बहिणीच्या मुरगळलेल्या टाचेवर चालताय? खांद्यातल्या उशा उसवा, पर्स परत काढा? संपादिकाबाईंना फोन केला आणि अर्धं खरं सांगितलं, की तो पाय तेव्हा जरा दुखरा होता. त्या म्हणाल्या, "वा! वेदनेतून आलेला आकार. हे छापू का?" मी फोन ठेवला.

धाकटी म्हणते, चालते मी, तू काळजी करू नकोस. बरा झालेला पाय पुन्हा त्यात कोंबायला तयार आहे ही मुलगी. मी 'नको' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. उद्या म्हणेन असं ठरवून झोपले.

१९ एप्रिल

अजून म्हटलेलं नाही.

२० एप्रिल

लिहिते. घरी पोचल्या पोचल्या लिहिते.

सभागृह गच्च. पुढच्या रांगेत खरेदीप्रमुख बाई, शेजारी संपादिकाबाई, मागे दोघी-दोघींच्या जोड्या एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून. पडद्यामागे मी आणि मास्तर धाकटीला बूट चढवत होतो. तिचा चेहरा पांढराफटक. पायवाला कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा. नुसता माझ्याकडे बघत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संगीत सुरू झालं. ती उठली आणि तिने माझा खांदा धरला. म्हणाली, "ताई, तू बरोबर ये." मी आज घालायला म्हणून बूट आणले होते, ते पिशवीतच राहिले. तशीच निघाले, पायात काळ्या रबरी स्लिपर, फटफट फटफट.

अर्ध्या वाटेपर्यंत ती आली. तिची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. माझ्या कोटात उशी नव्हती, त्यामुळे मला सगळं कळत होतं. मग ती थांबली. हळूच म्हणाली, "ताई, नाही होत गं." आणि लगेच म्हणाली, "थांब, जमेल मला."

जमेल मला! तीच ती, काचेवरची. मला रडूच फुटलं. सगळं सभागृह बघत होतं, खरेदीप्रमुख बाईंच्या हातातलं पेन वर होतं, माझी सगळी कमाई त्या पेनाच्या टोकाशी होती, आणि मला त्या क्षणी काडीची पर्वा वाटली नाही. मी खाली बसले, गुडघे टेकून. तिचे बूट काढले. टाच लाल झाली होती. माझ्या स्लिपर काढून तिच्या पायात सरकवल्या. चाळीसच्या चपलेत सदतीसचा पाय, मागे हातभर जागा. "चल," मी म्हटलं. मी अनवाणी, ती फटफटत, दोघी टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. ती मध्येच हसायला लागली. मग मीही.

धंदा बुडाला असं धरूनच मी पडद्यामागे शिरले. पायवाल्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "घेऊन जा हिला. आणि नीट बघा टाचेकडे." तो म्हणाला, "हो, ताई." मॅडमवरून एकदम ताई.

तेवढ्यात बाहेर काय झालं माहीत आहे? टाळ्या. लोक उभे. संपादिकाबाई आत धावत आल्या, चष्मा डोक्यावर. "मोठ्या मापाची चप्पल! पायापेक्षा मोठी, मागे मोकळी जागा! स्त्रीला वाढायला जागा! आणि तो आवाज! काय नाव आहे हिचं?"

मी म्हटलं, "स्लिपर."

"अप्रतिम," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

११ मे

बायका आता तीन नंबर मोठ्या चपला घालून फिरतात. रस्ताभर फटफट चालू असते. खांद्यांच्या उशा उसवल्या, स्कर्ट आखूड झाले, कारण लांब कापड चपलेखाली येतं. पळता कुणालाच येत नाही, जिना चढताना चपला खाली राहतात आणि बायका वर जातात. संपादिकाबाईंनी याला 'सावकाश युग' म्हटलंय. मी खरं सांगायचा एकदा प्रयत्न केला. एका मुलाखतीत म्हटलं, की अहो, ती माझी घरातली जुनी चप्पल होती, बहिणीला मोठी होत होती, आपापल्या मापाची घ्या. त्यांनी छापलं, 'साधेपणा हेच तिचं तत्त्वज्ञान'. हात टेकले.

पायवाल्याची गर्दी मात्र ओसरली. चपला फटफटवल्याने कुणाची टाच दुखत नाही. तो कुरकुर करत नाही, हे त्याचं कौतुक. दोन्ही गाळ्यांत आता तो आणि धाकटी निवांत बसलेली दिसतात मला खिडकीतून.

२६ मे

धाकटीचं लग्न झालं. नोंदणी कार्यालयात, सह्या आणि कॉफी. तिच्यासाठी बूट मीच केले. एप्रिलमधल्या त्या सरळ पायावरून फर्मा काढला, आणि या वेळी उजवा पायही वेगळा मोजला. पठ्ठीचा उजवा पाय डाव्याहून जरा मोठा आहे! इतकी वर्षं मला पत्ता नाही. ती म्हणाली, "म्हणूनच तुझा उजवा बूट मला नेहमी चावायचा." मी म्हटलं, "अगं, मग सांगायचं नाही का!"

बुटांना नाव दिलं नाही. पुढून साधे, खाली टाच. ती कार्यालयाचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली आणि मागे वळून "ये ना ताई!" म्हणाली. तिच्या सामानाच्या पेट्या रस्ता ओलांडून गेल्या, तेवढंच अंतर. मी खिडकी लावून घेतली.

१९ जून

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घरात काही घडत नाही. सूप एका माणसाचं करायला मला जमत नाही, रोज उरतं.

दुकानसाखळीने 'अधांतर'ऐवजी स्लिपर घेतल्या, आणि त्यांच्यासाठी आता खरा चाळीसचा पाय हवाय. म्हणजे माझाच. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझा पाय हवा होता! सकाळी काचेवर चढले. मास्तरांनी यंत्र सुरू केलं, मग बंद केलं.

"बाई, सरळ उभ्या राहा जरा."

"सरळच आहे."

"डावीकडे कलताय."

मी सावरले. त्यांनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. मी पडद्याकडे बघितलं. सगळा पाय डाव्या कडेवर, टाच किंचित वर, बोटं काचेला गच्च धरून. जानेवारीतलंच चित्र, फक्त तीन नंबर मोठं. माझा पाय कुठे मुरगळलाय? कुठेच नाही. मी आपली रोजच्या सवयीने डाव्या हाताला रेलत होते. इतकी वर्षं कामाच्या टेबलाशी, स्वयंपाकघरात, रस्ता ओलांडताना माझ्या डाव्या हाताला ती असायची. तिथे आता कुणी नव्हतं, आणि मी तरी कलतच होते.

मास्तर चित्राकडे बघत म्हणाले, "पण बाई, काहीतरी नवीन आहे हं यात. घेऊ का? बऱ्या उभ्या आहात ना?"

तोंडावर 'हो, घ्या तुम्ही' आलं होतं. अगदी ओठांवर. मी काचेवरूनच फोन लावला. खिडकीतून पलीकडे ती दिसत होती. टेबलापाशी सफरचंद कापत होती. तिने फोन उचलला.

"काय गं ताई?"

"काही नाही. पाय मोजतेय. मला सरळ उभं राहता येत नाहीये."

तिचा हात थांबलेला मला इथून दिसला. मग तिने विचारलं, "दुखतंय का?"

"हो," मी म्हटलं.

तिने सुरी खाली ठेवली. दार उघडलेलं दिसलं, मग ती रस्त्यावर आली. पायात माझे बिननावाचे बूट होते आणि ती टाचा टेकवत झपझप येत होती. रस्ता ओलांडताना तिने नेहमीसारखा उजवा हात बाजूला धरला होता, मी जिथे असायचे तिथे.

मास्तरांना म्हटलं, यंत्र बंद करा, आज काही मोजायचं नाही. आणि सूप गरम करायला आत गेले, दोन माणसांचं होतंच.